हलालखोर ते सेप्टिक टँक : घरातल्या मैल्याचा विसरलेला इतिहास

दख्खनच्या मुस्लिम सत्तांविषयी बोलताना आपण पाण्याविषयी अभिमानाने बोलतो. मलिक अंबरने खडकीत, म्हणजे नंतरच्या औरंगाबादेत, जमिनीखालून नहर आणली. बुऱ्हाणपूरला अब्दुल रहीम खान-ए-खानानच्या काळात कुंडी भंडारा झाला. विजापूरचे तलाव, पाणचक्कीचा हौद, मशिदींतले वुजूखाने यांवर लेख निघाले, पुस्तके निघाली, पर्यटन खात्याने फलक लावले. हे सगळे व्हायलाच हवे होते.

पण या इतिहासाचा अर्धा भाग कोणी सांगत नाही. पाणी शहरात आले, घरात आले, माणूस पाक झाला. पुढे ते पाणी गेले कुठे? सोबत जे वाहून गेले ते कोणी उचलले, कुठे टाकले, त्याचे काय झाले? पाणी आणणाऱ्या सरदाराचे नाव आपल्याला पाठ आहे. मैला नेणाऱ्याचे एकही नाव आपल्याकडे नाही.

आज आपल्या बहुतेक गावांत, तालुक्याच्या ठिकाणी आणि शहरांच्या वाढीव वस्त्यांत या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात दिले जाते : सेप्टिक टँक. अंगणात, जिन्याखाली किंवा पार्किंगच्या फरशीखाली ती असते. एकदा बांधली की घरचे लोक तिला विसरतात. हा लेख त्या विसरण्याविषयी आहे.

आलमगिरीतली विहीर

तहारत हा फिकहच्या बहुतेक ग्रंथांतला पहिला अध्याय असतो. नमाज, रोजा, जकात त्यानंतर येतात. साचलेल्या पाण्यात लघवी करू नये, वाटेवर, सावलीच्या जागी आणि पाणवठ्यावर शौचाला बसू नये, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण हदीसच्या संग्रहांत आलेली आहे. या तिन्ही जागा सगळ्यांच्या आहेत. म्हणजे इथे स्वच्छता ही फक्त आपल्या अंगाची आणि कपड्यांची गोष्ट राहत नाही. माझ्या घाणीचा दुसऱ्याला त्रास होणार नाही, हीही तहारतच.

फतावा-ए-आलमगिरी हा ग्रंथ औरंगजेबाच्या आदेशाने १७व्या शतकाच्या उत्तरार्धात तयार झाला. तो तयार करणाऱ्या उलेमांच्या मंडळाचे प्रमुख होते शेख निजाम. ते बुऱ्हाणपूरचे, म्हणजे त्या कुंडी भंडाऱ्याच्याच गावचे. या ग्रंथात एक अगदी घरगुती प्रश्न येतो. पिण्याच्या विहिरीजवळ मैलापाण्याचा खड्डा असेल, तर विहीर पाक मानायची की नापाक? दोन्हींत किती अंतर असावे?

जुन्या काही फकिहांनी पाच हात, सात हात असे आकडे दिले होते. आलमगिरीत मात्र भर वेगळ्याच गोष्टीवर आहे. हे हातांनी मोजायचे काम नाही. दहा हात अंतर असूनही विहिरीत खड्ड्याचा असर दिसला तर ते पाणी नापाक, आणि एकाच हाताचे अंतर असून असर दिसला नाही तर पाक. असर ओळखायचा तो चवीवरून, रंगावरून आणि वासावरून. यामागचा विचार साधा आहे. जमीन सगळीकडे सारखी नसते. कुठे मुरूम, कुठे काळी चिकण माती, कुठे भेगाळलेला कातळ. एका जमिनीत पाणी दहा हातांत गाळून निघेल, दुसरीत भेगेतून सरळ विहिरीत उतरेल. म्हणून आकड्याला चिकटू नका, परिणाम बघा.

त्या काळात परिणाम बघायला जीभ, डोळा आणि नाक एवढीच साधने होती. ती पुरेशी नाहीत हे पुढे लंडनमध्ये कळले. १८५४ साली तिथल्या ब्रॉड स्ट्रीट भागात कॉलऱ्याने ६०० वर माणसे मेली. डॉ. जॉन स्नो यांनी साथीचे बोट एका सार्वजनिक पंपाकडे दाखवले. त्या पंपाचे पाणी लोकांना आवडायचे. पुढच्या वर्षी खोदून पाहिल्यावर समजले की शेजारच्या घराचा मैल्याचा खड्डा विहिरीपासून तीन फुटांच्या आत होता आणि त्याच्या विटा ढिल्या झाल्या होत्या. चव नाही, रंग नाही, वास नाही, तरी असर होता.

आज हा असर पाहण्याची साधने आपल्याकडे आहेत. ग्रामपंचायतीला पाणी तपासायला मिळणाऱ्या एचटूएसच्या छोट्या बाटलीत विहिरीचे किंवा बोअरचे पाणी भरून ठेवले आणि एक-दोन दिवसांत ते काळे पडले, तर त्यात मैल्यातले जिवाणू असण्याची शक्यता मोठी असते. मग ते पाणी सरकारी प्रयोगशाळेत नेऊन पक्की तपासणी करून घ्यायची. आलमगिरीच्या उलेमांनी जो रंग शोधायला सांगितला, तो आता बाटलीत दिसतो. तत्त्व तेच आहे, डोळा नवा आहे.

नावाने इज्जत, कामाने बहिष्कार

आता मैला नेणाऱ्याकडे येऊ. अबुल फजलच्या आईन-ए-अकबरीत नोंद आहे की झाडूवाल्याला हिंदुस्थानात हलालखोर म्हणतात आणि हे नाव बादशहाने रूढ केले. हलालखोर म्हणजे हलाल खाणारा, कष्टाची कमाई खाणारा. हरामखोर हा शब्द मराठीत रोज ऐकू येतो, त्याचा हा उलटा शब्द. हे काम करणाऱ्याची कमाई सगळ्यांत हलाल आहे, असे ते नाव सांगते.

शब्दांवर अत्तर शिंपडण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. संडासाला सेहतखाना म्हणत, म्हणजे आरोग्याचे घर. त्याचेच मराठीत शेतखाना झाले. मेहतर हा शब्दही फारसी आहे आणि त्याचा मूळ अर्थ आहे मोठा माणूस, सरदार. नावे बदलली, डोक्यावरची पाटी बदलली नाही.

आपल्या समाजाने हा भाग नजरेआड करू नये. इस्लाममध्ये अस्पृश्यता नाही हे खरे आहे. मुसलमानांमध्ये ती नव्हती, असे मात्र इतिहास म्हणत नाही. १९०१च्या बंगाल प्रांताच्या जनगणना अहवालात मुसलमानांतल्या अरजल वर्गाची नोंद आहे. हलालखोर, लालबेगी, मेहतर यांची नावे त्यात येतात. इतर मुसलमान यांच्याशी संबंध ठेवत नाहीत, त्यांना मशिदीत येऊ देत नाहीत, सार्वजनिक कब्रस्तानात दफन करू देत नाहीत, असे तो अहवाल सांगतो. डॉ. आंबेडकरांनी आपल्या पाकिस्तानवरील ग्रंथात ही नोंद वापरली. पुढे शंभर वर्षांनी, २००६च्या सच्चर समितीच्या अहवालातही अरजल म्हणून हीच नावे येतात. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे या मुसलमान जातींना अनुसूचित जातींच्या सवलती मिळत नाहीत. काम तेच, पाटी तीच, सवलत मात्र धर्म बघून.

मुंबईत या नावाचा कर होता. १८८८च्या मुंबई महापालिका कायद्यात पाणीपट्टीसोबत हलालखोर कर होता. चाळींच्या मागे अरुंद गल्ली असायची. संडासाखालची टोपली त्या गल्लीतून काढली जायची, म्हणजे नेणारा आणि घरातली माणसे समोरासमोर येत नसत. कर भरला की घरमालकाचे कर्तव्य संपले. पुढे या कराचे नाव बदलून मलनिःसारण कर असे झाले.

फ्रान्समधली टाकी, माटुंग्यातला गॅस

टोपली उचलणारा माणूस नको, असे यंत्र निघेल का? १८६०च्या सुमारास फ्रान्समधल्या वेसूल गावात जाँ-लुई मूरास याने घरातले सांडपाणी एका बंद टाकीत सोडले. काही वर्षांनी टाकी उघडली, तेव्हा अपेक्षेपेक्षा फारच कमी गाळ निघाला. घट्ट मैला आतल्या आत विरघळला होता. १८८१ साली त्याने पेटंट घेतले. पुढे इंग्लंडमधल्या एक्सिटर शहराचे अभियंते डोनाल्ड कॅमेरॉन यांनी १८९५च्या सुमारास अशीच टाकी बांधली आणि तिला सेप्टिक टँक हे नाव दिले. सेप्टिक म्हणजे कुजवणारी. नावात काही लपवालपवी नव्हती.

टाकी मुंबईत यायला वेळ लागला नाही. माटुंग्याला कुष्ठरोग्यांसाठी १८९०मध्ये आश्रम सुरू झाला होता. पालिका आयुक्त ॲकवर्थ यांच्या नावाने तो पुढे ओळखला गेला, वडाळ्याचे आजचे ॲकवर्थ रुग्णालय तेच. तिथल्या मैल्याच्या टाकीतून निघणारा गॅस गोळा करून १८९७च्या सुमारास त्यावर इंजिन चालवल्याची नोंद जगभरच्या बायोगॅसच्या इतिहासात सापडते. गावाने बाहेर काढलेल्या माणसांच्या मैल्यावर त्या काळात यंत्र चालले. मुंबईच्या इतिहासात ही गोष्ट ठळक अक्षरांत असायला हवी होती.

कोकणात आप्पासाहेब पटवर्धनांनी दुसऱ्या बाजूने हात घातला. १९३२ साली तुरुंगात सवर्ण कैद्याला भंगीकाम करू देत नव्हते. ते काम मला द्या, म्हणून त्यांनी उपोषण केले, आणि त्यांना पाठिंबा म्हणून येरवड्यात गांधीजींनीही अन्न सोडले. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात आप्पासाहेबांनी मैल्याचे खत करणाऱ्या संडासांचे प्रयोग केले. आपली घाण दुसऱ्याने का उचलावी, हा त्यांचा प्रश्न होता. दोन खड्ड्यांच्या संडासाचे उत्तर याच वाटेवरचे आहे. एक खड्डा भरला की बंद करायचा आणि दुसरा वापरायचा. दीड-दोन वर्षांनी पहिल्यातला मैला कोरडे, वास नसलेले खत होतो आणि फावड्याने काढता येतो. ज्या गावात जागा आहे आणि भूजल खोल आहे, तिथे आजही हा सगळ्यांत स्वस्त आणि माणसाला कमीपणा न आणणारा उपाय आहे.

आपल्या लोकांनी मात्र सेप्टिक टँक निवडली. ती पक्की वाटते, शहरी वाटते. आणि ती कधी उघडावी लागत नाही, असा समज पसरला. हा समजच घातक ठरला.

टाकीच्या पोटात काय चालते

टाकीत मैलापाणी येते आणि थांबते. जड भाग तळाशी बसतो, तो गाळ. तेल, तूप, साबणाचा फेस वर तरंगतो, त्याची दुधावर यावी तशी साय होते. मधले पाणी त्यातल्या त्यात निवळ असते. ते पलीकडच्या पाइपने बाहेर पडून शोषखड्ड्यात जाते आणि जमिनीत मुरते. तळाच्या गाळावर हवेशिवाय जगणारे जिवाणू काम करत राहतात. ते गाळ कमी करतात, संपवत नाहीत. मूरासच्या टाकीतही गाळ कमी निघाला होता, मुळीच निघाला नाही असे नव्हते. पण ऐकणाऱ्यांनी आपल्या सोयीचे तेवढे ऐकले.

आणखी एक गैरसमज असा की टाकीतून बाहेर पडणारे पाणी स्वच्छ असते. तसे ते नसते, त्यात जिवाणू भरपूर असतात. खरे शुद्धीकरण शोषखड्ड्याभोवतीच्या मातीत होते. म्हणून टाकीचा पाइप सरळ गटारात किंवा नाल्यात सोडणे म्हणजे आपला मैला पाणी मिसळून शेजाऱ्याच्या दारात सोडणे.

भारतीय मानक २४७० मध्ये टाकीचे मोजमाप दिले आहे. लांबी रुंदीच्या दुप्पट ते चौपट, रुंदी किमान ७५ सेंटिमीटर, पाण्याची खोली किमान १ मीटर आणि पोटात किमान १,००० लिटर पाणी. शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून किमान १८ मीटर लांब हवा. दाट मोहल्ल्यात १८ मीटर कुठून आणायचे, हा प्रश्न खरा आहे. मग निदान टाकीचा तळ आणि भिंती आतून पक्क्या गिलाव्याच्या हव्यात. भूमिगत गटार असेल तर जोडणी घ्यावी. आणि बोअरचे पाणी दर पावसाळ्यानंतर तपासावे. आपल्याकडे अनेक ठिकाणी गवंडी मुद्दाम तळ मोकळा सोडतो, म्हणजे टाकी कधी भरणार नाही. ती सेप्टिक टँक नाहीच. तो विहिरीत उतरणारा खड्डा आहे.

टाकी कशी बिघडते

तक्रारी सगळ्या घरांत सारख्याच असतात. संडासातले पाणी हळू उतरते. पाणी ओतले की आतून गुडगुड आवाज येतो. मोरीतून वास येतो. शोषखड्ड्यावरची जमीन ओली राहते आणि तिथले गवत जरा जास्तच हिरवे दिसते. पावसाळ्यात चेंबर उलटे वाहू लागते.

पहिले कारण बहुतेक वेळा एकच असते : गाळ काढलेला नाही. गाळ वाढत गेला की पाण्याला थांबायला जागा उरत नाही. मग गाळच पाण्याबरोबर शोषखड्ड्यात जातो आणि मातीची छिद्रे बंद करतो. टाकी उपसून घेता येते, पण बुजलेला शोषखड्डा सहसा नवा करावा लागतो. दर दोन-तीन वर्षांनी टाकी उपसण्याचा खर्च यापुढे किरकोळ आहे. गाळ पाण्याच्या खोलीच्या एक तृतीयांशापर्यंत आला, की गाडी बोलवावी.

दुसरे कारण ॲसिड आणि फिनाईल. चकचकीत संडासाच्या हौसेपोटी रोज बाटली ओतली जाते आणि आतले कामकरी जिवाणू मरतात. संडास साध्या ब्रशने, थोड्या साबणाने साफ होतो. बाजारात टाकीसाठी पावडरी मिळतात, त्यांची गरज नसते. आपल्या पोटातून रोज पुरेसे जिवाणू टाकीत जातातच. याच कारणाने टाकी उपसताना तळाशी थोडा गाळ राहू द्यावा आणि आतून फिनाईलने धुऊ नये.

तिसरे कारण नको त्या वस्तू. सॅनिटरी पॅड, लहान मुलांचे डायपर, प्लास्टिक, केस, सिगारेटची थोटके यांतले काहीही कुजत नाही. स्वयंपाकघरातले तेलही टाकीत जाऊ देऊ नये. बकरी ईदला चरबी आणि आतड्यांचे पाणी मोरीतून सोडण्याची सवय तर टाकीची वर्षाची कमाई दोन दिवसांत घालवते. चरबी थंड होऊन पाइपच्या तोंडाशी बसते आणि दगडासारखी होते.

चौथे कारण जास्त पाणी, आणि हे मशिदी-मदरशांच्या विश्वस्तांनी खास लक्षात घ्यावे. वुजूखान्याचे पाणी सेप्टिक टँकमध्ये जोडलेले असेल, तर जुम्याच्या दिवशी एका तासात एवढे पाणी आत येते की गाळ बसायला वेळच मिळत नाही, तो ढवळून बाहेर ढकलला जातो. वुजूच्या पाण्यात मैला नसतो. त्याचा शोषखड्डा वेगळा करावा किंवा ते बागेला सोडावे. घरातही अंघोळीचे आणि कपडे धुण्याचे पाणी वेगळे नेले तर टाकी जास्त काळ टिकते. वाहत्या नदीकाठी वुजू करतानाही पाणी उधळू नये, ही शिकवण आपण मुलांना सांगतो. नळाच्या तोटीपाशी ती आठवायला हरकत नाही.

पाचवे कारण घरातली वाढलेली माणसे. टाकी पाच जणांसाठी बांधली, मग वर मजला चढला, दोन भावांची कुटुंबे आली, खाली भाडेकरू ठेवला. टाकी तेवढीच राहिली. ती दर वर्षी उपसावी लागेल, यात नवल नाही.

शेवटी झाकण. अनेक घरांत टाकीवर फरशी बसवून झाकण गायब केलेले असते. उपसायची वेळ आली की फरशी फोडायची, म्हणून ती वेळ पुढे ढकलली जाते. प्रत्येक कप्प्यावर उघडता येईल असे, पण लहान मुलाला हलवता येणार नाही असे जड झाकण हवे. हवा जाण्याचा उभा पाइप घराच्या छतापेक्षा उंच हवा आणि त्याच्या तोंडाला जाळी हवी. नाहीतर मोहल्ल्यातले डास त्याच टाकीत जन्म घेतात. टाकीचा एक साधा नकाशा आणि शेवटच्या उपशाची तारीख घराच्या कागदपत्रांत ठेवावी. बाप गेल्यावर मुलाला टाकी कुठे आहे हे माहीत नसते, असे अनेक घरांत घडते.

खाली उतरलेली माणसे

आता मूळ गोष्ट. उपसा वेळेवर केला तर गाळ पातळ असतो आणि गाडीचा पाइप तो ओढून घेतो. वीस वर्षे न उघडलेल्या टाकीतला गाळ घट्ट होऊन बसतो, पाइपने निघत नाही. मग कोणीतरी म्हणतो, माणूस उतरवा. ‘आमची टाकी वीस वर्षांत उघडली नाही’ हे आपण कौतुकाने सांगतो, तेव्हा त्या वाक्याच्या शेवटी एक माणूस उभा असतो.

बंद टाकीत प्राणवायू जवळपास नसतो. गाळ हलवला की त्यात अडकलेला हायड्रोजन सल्फाइड सुटतो. त्याचा वास सडक्या अंड्यासारखा, पण तो वाढला की नाकाची शक्तीच मारतो. वास येईनासा झाला म्हणजे धोका टळला असे वाटते, आणि नेमके तेव्हाच माणूस कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. म्हणून अशा बातम्यांत मृतांचा आकडा क्वचितच एक असतो. पेटती काडी किंवा दिवा सोडून पाहण्याची जुनी रीतही उपयोगाची नाही. आतला मिथेन पेट घेऊ शकतो आणि विषारी वायू दिव्याला कळत नाही. कोणी आत पडलेच, तर आपण न उतरता अग्निशमन दलाला बोलवावे.

मे २०२३ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या सोनपेठ तालुक्यात, भाऊचा तांडा इथे, सेप्टिक टँक साफ करताना पाच मजूर मेले. पाचही मुसलमान, आणि त्यांतले काही एकाच कुटुंबातले. त्या दिवसांत कोणत्या सिनेमावर बंदी हवी आणि कोणत्या व्हॉट्सॲप स्टेटसवरून दंगल पेटेल, याच्या चर्चा सुरू होत्या. या पाच जनाजांवर आपल्या व्यासपीठांवरून किती बोलले गेले? ते दंगलीत मेले नव्हते, म्हणून ते आपल्या प्रश्नांत बसले नाहीत.

कायदा स्पष्ट आहे. हाताने मैला उचलण्यावर १९९३च्या कायद्याने बंदी आणली. २०१३च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणे हा गुन्हा ठरवला. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हा कायदा फक्त पालिकेला नाही, घरमालकालाही लागू आहे. सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंसाठी २०१४ मध्ये १० लाखांची भरपाई ठरवली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती ३० लाख केली. भरपाई वाढते आहे, याचा अर्थ माणसे मरणे थांबलेले नाही.

कर पुन्हा येतो

सातारा जिल्ह्यातल्या वाई आणि नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर या दोन लहान शहरांनी एक सोपी गोष्ट करून दाखवली. टाकी भरून वाहण्याची वाट पाहायची नाही. पालिकेनेच वेळापत्रक करायचे, दर तीन वर्षांनी प्रत्येक घरासमोर गाडी आणायची, मैला प्रक्रिया केंद्रात न्यायचा. त्या वेळी घरमालकाकडून पैसे मागायचे नाहीत. खर्च मालमत्तेसोबतच्या स्वच्छता करातून भागवायचा. गाळ पातळ राहतो, माणूस उतरवावा लागत नाही आणि नाल्यात गाडी रिकामी करण्याचे कारणही उरत नाही.

१८८८चा हलालखोर कर आणि वाईचा स्वच्छता कर दोन्ही एकाच कामासाठी. पहिल्या करात माणसाची पाटी विकत घेतली जात होती. दुसऱ्यात यंत्र, पाइप आणि वेळापत्रक. एवढ्या एका बदलाला आपल्याला सव्वाशे वर्षांहून जास्त काळ लागला, आणि तोही अजून मोजक्या गावांत. तुमच्या नगर परिषदेत, ग्रामपंचायतीत अशी गाडी आहे का, ती मैला कुठे रिकामा करते, हे विचारणे हे नगरसेवकाला रस्त्याबद्दल विचारण्याइतकेच योग्य आहे. जमातखान्याच्या किंवा मशिदीच्या बैठकीत मोहल्ल्यातल्या सगळ्या टाक्यांची एक वही करून, वीस-पंचवीस घरांनी मिळून गाडी बोलावली, तर खर्चही वाटला जातो.

अकबराच्या दरबाराने मैला उचलणाऱ्याला हलालखोर म्हटले. त्याची कमाई हलाल होती, यात शंका नाही. आपला प्रश्न वेगळा आहे. ज्या घराची टाकी माणूस उतरवून साफ होते, त्या घरातली तहारत पूर्ण झाली का? आलमगिरीच्या उलेमांनी विहिरीसाठी जी कसोटी दिली तीच इथे लावून पाहावी. अंतर मोजू नका, असर बघा. आपल्या घरातून निघालेल्या पाण्याचा असर कोणाच्या विहिरीवर आणि कोणाच्या श्वासावर होतो, ते बघा. सुरुवात आज संध्याकाळी करता येईल : टाकीचे झाकण कुठे आहे ते शोधा आणि ती शेवटची कधी उपसली, हे घरातल्या थोरल्यांना विचारा.